अर्ध्या फेऱ्याचे कंपन

आम्हांस डाव्या कानाने कमी ऐकू येते, हे प्रथम घरातल्या मंडळींच्या लक्षात आले आणि सर्वांत शेवटी आमच्या. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी इंदुरातल्या एका कानाच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख आम्ही पाहिला, तेव्हा उंच स्वरांकडची रेघ घाट उतरावा तशी खाली गेलेली दिसली. यंत्रांच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाचे कान असेच व्हायचे, असे डॉक्टर म्हणाले. त्यांचे म्हणणे खरेच होते. परंतु आमची सारी नोकरी याच कानांच्या भरवशावर झाली होती, हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

राज्य शासनाच्या सेवेत आमचा संबंध पाण्याच्या मोठ्या पंपांशी आला. चालत्या पंपाच्या बेअरिंगवर लांब पेचकसाचे टोक टेकवायचे, मूठ कानाशी हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचे, ही विद्या आम्हांस पदवीच्या वर्गात मिळाली नाही. ती एका फिटरने शिकविली. त्यांना सारे दादा म्हणत. चांगले बेअरिंग गुणगुणते, तेल आटले की कुरकुरते आणि गोळीला खड्डा पडला की ठरावीक अंतराने टक् असा आवाज देते. दादा तर पेचकस न लावताही पंपघराच्या दारातूनच सांगत, 'साहेब, तीन नंबरचं काही तरी बिनसलंय.' बहुधा बिनसलेले असेच.

हे सारे आठवण्याचे कारण एक विमान.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता कन्येकडे अमेरिकेत, ओहायो राज्यातील डेटन येथे गेलो. सहा महिन्यांचा मुक्काम होता. अशा मुक्कामांना जाऊन आलेल्या मंडळींना ठाऊक आहे की पहिला महिना कौतुकात जातो, दुसऱ्यात वाचनालय सापडते आणि तिसऱ्यापासून दुपार खायला उठते. आमचे दैव असे बलवत्तर की जावईबापूंनी विमान बांधले होते!

वाचकांना ही अतिशयोक्ती वाटू नये. त्या देशात हौशी माणसाला स्वतःचे विमान स्वतः बांधता येते आणि रीतसर नोंदवून उडवताही येते. अट एवढीच की निम्म्याहून अधिक काम त्याने स्वतःच्या शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी केलेले असले पाहिजे. अशा हौशी मंडळींची मोठी संघटना १९५३ पासून आहे आणि तिचा मेळा दर उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश येथे भरतो. आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील घराच्या गच्चीवर विमान बांधून २०१६ मध्ये मुंबईच्या प्रदर्शनात मांडले होते. नोंदणीसाठी त्यांना सोसावे लागलेले हेलपाटे वर्तमानपत्रांतून आपण वाचलेच आहेत. शासकीय सेवेत उमेदीची वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्याने त्यावर अधिक न बोलणे बरे.

जावईबापूंचे विमान दोन आसनांचे, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे. सात वर्षे त्यांनी गॅरेजमध्ये रिव्हेट ठोकले. इंजिन मात्र जुने, दुरुस्त करून घेतलेले: चार सिलिंडरांचे, वाऱ्याने थंड होणारे, दोन सिलिंडर डावीकडे आणि दोन उजवीकडे आडवे पसरलेले. लहान विमानांत हीच बांधणी बहुतेक ठिकाणी दिसते. चाचणीचे चाळीस तास त्यांनी एकट्याने उडून पुरे केले होते, कारण त्या काळात प्रवासी नेण्यास मनाई असते. आता आमची नात ऑक्टोबरात दहा वर्षांची होणार होती आणि वाढदिवशी तिला प्रथमच वर न्यायचे ठरले होते. विमानात बसणाऱ्यास दिसेल अशी एक पाटी नियमानुसार लावलेली असते. हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून प्रमाणित विमानांच्या सुरक्षानियमांत ते बसत नाही, असे तीवर स्पष्ट लिहिलेले असते. आमच्या सौभाग्यवतींनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही वाचलंत का?"

त्याच आठवड्यात आम्ही गावातील कॅरिलॉन पार्कमध्ये राइट बंधूंचे १९०५ चे विमान पाहावयास गेलो होतो. डेटन हे त्या बंधूंचे गाव. त्यांच्या सायकलच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने १९०३ मध्ये सहा आठवड्यांत सुमारे बारा अश्वशक्तीचे इंजिन घडवून दिले, हे आम्ही वाचले होते. त्या इंजिनाच्या हादऱ्यांनी पहिले उड्डाण जवळजवळ रोखले होते, हे मात्र आम्हांस नवीन होते. किटी हॉकच्या वाळूत इंजिन प्रथम चालविले तेव्हा ते अडखळत पेटे. त्या धक्क्यांनी पंख्यांच्या पोकळ दांड्यांना इजा झाली आणि त्या दुरुस्तीसाठी डेटनला पाठवाव्या लागल्या. परत आल्यावर दातेरी चाके सैल पडू लागली, तेव्हा ती सायकलचे टायर चिकटविण्याच्या लुकणाने पक्की केली. मग एक दांडी पुन्हा तडकली. अखेर ऑर्व्हिल स्वतः आगगाडीने डेटनला आला, भरीव स्प्रिंग-पोलादाच्या दांड्या करून घेऊन ११ डिसेंबरला परतला आणि १७ डिसेंबरला ते बारा सेकंदांचे उड्डाण झाले. नोव्हेंबरातल्या पोकळ दांड्या आणखी आठ दिवस टिकल्या असत्या आणि हवेत तुटल्या असत्या तर काय झाले असते, हा विचार आम्ही मनातच ठेवला.

जावईबापू एकदा सहज म्हणाले की इंजिन अमुक गतीला गेले की पायांखालच्या पेडलांना मुंग्या आल्यासारखे वाटते. पंख्याचा तोल तपासून घ्यायला हवा. त्यासाठी तयार यंत्रे मिळतात, जाणकार माणूसही येतो. आम्ही म्हटले, "आम्ही करून पाहू का?" ते सुशिक्षित घरातले जावई. नाही कसे म्हणणार?

पहिला संवेदक आम्ही खेळण्यातल्या बझरच्या चकतीचा केला. पितळेच्या पातळ चकतीवर पांढऱ्या चिनी मातीसारखा थर असतो. तो दाबला वा वाकविला की वीज निर्माण होते. स्फटिकांचा हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखविला. आपल्या गॅसच्या लायटरमध्ये ठिणगी पडते तीही त्याचमुळे. आम्ही चकतीच्या मध्यावर लोखंडी नट चिकटवला, म्हणजे इंजिन हलले की नट आपल्या जडत्वाने मागे राहील, चकती वाकेल आणि तितकी वीज येईल. तत्त्व निर्दोष होते. प्रत्यक्षात इंजिन तापू लागताच रेघ आपोआप वर चढू लागली, कारण हा पदार्थ उष्णतेनेही वीज देतो. शिवाय मॅग्नेटोची प्रत्येक ठिणगी तारेत शिरून आलेखावर काटे उगवू लागले. सर्वांत मोठी अडचण ही की त्यास मोजमाप देता येईना. अमुक व्होल्ट म्हणजे किती कंपन, हे कोणास विचारणार?

मग आम्ही सिलिकॉनचा तयार त्वरणमापक आणला. भ्रमणध्वनी आडवा धरला की पडदा फिरतो, तो याच जातीच्या चिपमुळे. नखाएवढ्या त्या तुकड्यात अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले वजन असते. याचे मोजमाप इतके सोपे की हसू यावे. चिप टेबलावर सुलटी ठेवावी, आकडा लिहावा. उलटी ठेवावी, आकडा लिहावा. दोन आकड्यांतील अंतर म्हणजे गुरुत्वाच्या बरोबर दुप्पट. पृथ्वीने स्वतः प्रमाणित करून दिलेले वजनमाप! आमच्या खात्यात मीटर तपासून आणावयास तीन-तीन महिने लागत, त्याची आठवण झाली.

पहिली चिप तीन जी पर्यंतचीच घेतली ही चूक झाली. पंख्याच्या तोलाचे कंपन दशांश जी एवढेच असते खरे, परंतु इंजिनाचे बाकीचे हादरे त्यावर स्वार असतात आणि लाटांचे शेंडे कापले जात. मग सोळा जी पर्यंतची आणली. तिच्यापुढे एक लहान संधारित्र बसवून दोनशे हर्ट्झच्या वरचे सारे गाळून टाकले. नाही तर वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या आऱ्या सिनेमात उलट्या फिरताना दिसतात, तसा वरच्या पट्टीतला आवाज खाली उतरून खोटी सोंगे घेतो. सेकंदाला १०२४ वाचने घेऊन ती एका लहानशा फलकावरून स्मृतिपत्रावर नोंदवायची आणि घरी संगणकावर त्यांतील स्वर वेगळे करायचे, अशी योजना झाली. पेटीसाठी सौभाग्यवतींची लोणच्याच्या फोडींची छोटी ॲल्युमिनियमची डबी घेतली. ती परत दिलेली नाही.

तरीही पहिल्या दिवशी २२०० फेऱ्यांच्या आसपास असे भयंकर आकडे आले की जावईबापूंचा चेहरा उतरला. दोन दिवस आम्ही इंजिनाला दोष देत होतो. तिसऱ्या दिवशी सहज डबीला टिचकी मारली, तेव्हा ज्या पातळ पट्टीवर ती बसविली होती ती पट्टीच तानपुऱ्याच्या तारेसारखी थरथरली. इंजिनाऐवजी आमची पट्टीच वाजत होती. जाड ठोकळा घेऊन डबी थेट क्रँककेसच्या बोल्टावर बसविली आणि राक्षस नाहीसा झाला. ऐकणाऱ्याच्याच हाताला कंप असेल तर पेचकसाने काय ऐकणार, असे दादा म्हणत.

पंख्याच्या पात्यामागे चकाकती पट्टी चिकटवून प्रकाशाच्या डोळ्याने फेरे मोजले, म्हणजे जड बाजू कोठे आहे तेही कळले. एक ठराविक वजन लावायचे, कंपन किती आणि कोणत्या दिशेला बदलले ते कागदावर बाणांनी काढायचे आणि त्यावरून खरे वजन व जागा शोधायची. शाळेतला सदिशांचा धडा. हे कंपन सेकंदाला ०.२ इंचाच्या खाली असले तर बरे आणि ०.०७ च्या आत आले तर उत्तम मानतात. आमचे प्रथम ०.३८ होते. चार वॉशर आणि पाच संध्याकाळी खर्च करून ते ०.०९ वर आले. पेडलांच्या मुंग्या गेल्या. जावईबापूंनी आम्हांस मिठी मारली, जी आमच्या पिढीला अजून नीट घेता येत नाही.

गोष्ट येथे संपली असती तर किती बरे झाले असते!

सप्टेंबरच्या अखेरीस, रात्री जेवणाच्या टेबलावर, आम्ही काही काम नाही म्हणून जुन्या नोंदी चाळत होतो. डबी इंजिन सुरू झाल्यापासूनच नोंद करीत असे, पण आम्ही आजवर तापलेल्या इंजिनाच्या वेळचाच भाग पाहत आलो होतो. आता पहिली मिनिटे पाहिली. थंड इंजिन १२०० फेऱ्यांवर चालत होते, म्हणजे सेकंदाला वीस. वीसची रेघ होती, चाळीसची होती. आणि दहावर एक रेघ उभी होती, जी तेथे एवढी उंच असावयास नको. तीन मिनिटांत ती बसत गेली. मागल्या आठवड्याची नोंद काढली, त्यातही तीच. त्यामागची काढली, तेव्हा थोडी बुटकी.

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटते. चारही सारखे पेटले तर फेऱ्याला दोन सारखे धक्के बसतात. एक जरी दुबळे पेटले तर दर दोन फेऱ्यांनी एकदा लंगडल्यासारखे होते आणि अर्ध्या फेऱ्याची रेघ उगवते. पंख्याच्या तोलाशी तिचा संबंध नसतो. चारांपैकी एक सिलिंडर सकाळी नीट काम करीत नव्हते आणि आठवड्यागणिक ते वाढत होते.

जावईबापूंना दाखविले. ते शांतपणे म्हणाले, "बाबा, सगळी इंजिनं थंडीत थोडी खडबडतात. गेल्याच महिन्यात चारही सिलिंडरांचा दाब तपासलाय, उत्तम आहे." आम्ही संवेदकाची जागा बदलून पुन्हा नोंद घेण्यास सुचविले. त्यांनी ती घेतली. रेघ तेथेच होती. "पण हा संवेदक घरी केलेला आहे," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "मी सात वर्षं याचा एकेक रिव्हेट स्वतः बसवलाय, बाबा." वाढदिवस आठ दिवसांवर होता. नातीने शाळेत सर्वांना सांगून ठेवले होते. आमचे यंत्र एकदा खोटे बोलले होते, हे दोघांनाही ठाऊक होते. आणि कानांचे म्हणाल तर, ते खडबडणे त्यांना ऐकू येत होते, आम्हांस येत नव्हते.

त्या रात्री झोप लागली नाही. येथे एक गोष्ट लिहिणे भाग आहे. नव्वदच्या दशकातील एका उन्हाळ्यात, एका पंपघरात (त्याचे नाव-गाव घेत नाही), दादांनी आणि आम्ही एका पंपाचे बेअरिंग ऐकले होते. ते जाणार हे दोघांनाही कळले होते. आम्ही वरिष्ठांना तोंडी सांगितले. उन्हाळ्यात पंप बंद ठेवता येणार नाही, असे उत्तर आले. नोंदवहीत लिहावे की नाही, याचा आम्ही एक दिवस विचार केला आणि लिहिले नाही. लिहिले असते तर वरिष्ठ अडचणीत येते आणि आमची पदोन्नती तोंडाशी आलेली होती. चौथ्या रात्री दांडा तुटला. दादांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. चौकशीत आम्हांस विचारण्यात आले, पूर्वसूचना मिळाली होती काय? आम्ही उत्तर दिले की तशी नोंद नाही. ते अक्षरशः खरे होते. दादांनी आम्हांस कधी बोल लावला नाही. ते बोल लावतील, याची आम्ही बरीच वर्षे वाट पाहिली.

पहाटे उठून आम्ही कोऱ्या कागदावर टिपण लिहिले. चाळीस वर्षांची सवय. 'विषय' या शब्दापासूनच सुरुवात झाली. दिनांक, वेळ, हवेचे तापमान, फेरे, रेघेची उंची, चार आठवड्यांचे चार आकडे आणि खाली शेवटी, 'कारण सापडेपर्यंत प्रवासी नेऊ नये, असे आमचे मत आहे.' सही केली. कागद त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवला. लेखी दिलेल्या गोष्टीला सासऱ्याचा हट्ट म्हणून टाळता येत नाही, आणि देणाऱ्यालाही नंतर तसे बोललोच नव्हतो असे म्हणता येत नाही.

त्यांनी तो उभ्याने वाचला, घडी करून खिशात घातला आणि न बोलता कामावर गेले. दुपारी विमानतळावरून दूरध्वनी आला. ऐंशीच्या घरातले एक निवृत्त मेकॅनिक तेथे रोज कॉफी प्यायला येतात. त्यांना जावयांनी कागद वाचून दाखविला होता. इंग्रजीतला अर्थ ऐकून गृहस्थ म्हणाले होते की दाब तुम्ही तापलेल्या इंजिनावर तपासलात, आणि हा आजार सकाळचा आहे.

त्या आजाराला तिकडे खरोखरच सकाळची मळमळ अशा अर्थाचे नाव आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीतून सरकतो तीत जळक्या तेलाचा कठीण थर साचतो. थंड असताना दांडा अडकत अडकत चालतो, तापल्यावर मोकळा होतो आणि तपासणीत सारे उत्तम दिसते. दुर्लक्ष केले तर एके दिवशी तो उघडाच राहतो, ढकलणारी सळई वाकते आणि एक सिलिंडर गेलेले इंजिन घेऊन माणूस हवेत असतो.

शनिवारी सकाळी थंड इंजिन मिनिटभर चालवून म्हाताऱ्यांनी चारही एक्झॉस्टच्या नळ्यांवर थेंब थेंब पाणी टाकले. तीन नळ्यांवर ते चरचरून उडाले, तिसऱ्या सिलिंडरच्या नळीवर सावकाश आटले. मग जे पाहिले ते आम्ही आयुष्यात विसरणार नाही. स्पार्क प्लगच्या भोकातून त्यांनी सिलिंडरात वारभर दोरी कोंबली, पंखा हाताने फिरवून पिस्टनने ती दोरी वर दाबली, म्हणजे स्प्रिंग काढताना व्हॉल्व्ह आत पडू नये. स्प्रिंग निघाल्यावर दोरी ओढून घेतली, व्हॉल्व्ह मुद्दाम आत सोडला, नळी रीमरने घासून साफ केली आणि पुन्हा त्याच प्लगच्या भोकातून वाकडी पकड घालून, आरशात बघत, दांडा नळीत ओवला. सिलिंडर उतरविण्याची गरजच पडली नाही. रीमरवर लाखेसारखी काळी पूड आली. ती त्यांनी आमच्या तळहातावर ठेवली. त्यांच्याही दोन्ही कानांत श्रवणयंत्रे होती.

दुसऱ्या दिवशीच्या थंड नोंदीत दहाची रेघ शोधावी लागली. जावईबापूंनी तरीही आणखी पाच तास एकट्याने उडून रोजची नोंद आम्हांस आणून दिली. आम्ही मागितली नव्हती. वाढदिवस मात्र जमिनीवरच झाला. नात दोन दिवस आमच्याशी बोलली नाही, आणि तिचे बरोबरच होते.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती वर गेली. मोठे हेडफोन तिच्या डोक्यावरून सारखे घसरत होते. सौभाग्यवती हातात जपमाळ घेऊन गाडीतच बसून राहिल्या. इंजिन सुरू झाले तेव्हा आम्ही हँगरच्या पत्र्याच्या भिंतीवर तळहात टेकवून उभे होतो. पत्रा आरंभापासूनच सारखा थरथरत होता. लहानपणी बिजासनच्या टेकडीवरून आम्ही फ्लाइंग क्लबची विमाने बघत असू, तेव्हा ती दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ ऐकू येत. हे मात्र दिसत होते तोवरच ऐकू येईनासे झाले. वीस मिनिटांनी ते परत आले.

डबी तेथेच विमानावर राहिली. इंदुरास परतल्यावर आम्ही दुसरी केली आणि आमच्या इमारतीच्या पाण्याच्या मोटारीला लावली आहे. बेअरिंगची रेघ गेल्या दोन महिन्यांत दीडपट झाली आहे. सचिवांना लेखी कळविले आहे. ते म्हणतात, मोटार तर चालू आहे. पुढील बैठक रविवारी आहे, विषयपत्रिकेत तो विषय सातवा ठेवला आहे. तो वर घ्यावा, असा अर्ज आम्ही काल दिला.